सहा विधाने, सातवे वाक्य

'शेतकऱ्याचा असूड'च्या उपोद्घातात अगदी सुरुवातीला जी सहा छोटी वाक्ये आहेत, ती मी इथे उतरवून काढत नाही. ती ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा. शाळेच्या भिंतीवर ती रंगवलेली असतात, जयंतीच्या फलकावर असतात, भाषण कुठे सुरू करावे हे न सुचलेल्या वक्त्याच्या तर ती हमखास मदतीला येतात. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेली ही वाक्ये विद्येपासून निघतात आणि मती, नीती, गती, वित्त अशा पायऱ्या उतरत शूद्रांच्या खचण्यापाशी येऊन थांबतात. सहावे वाक्य मागे वळून पाहते आणि झालेल्या सगळ्या अनर्थाचा हिशेब एकट्या अविद्येच्या नावावर टाकते. बस, एवढेच. तीसेक शब्दसुद्धा नाहीत.

इतक्या वेळा म्हटलेली वाक्ये हळूहळू ऐकू येईनाशी होतात. त्यांची घोषणा होते, आणि घोषणेला कोणी 'हे कशावरून?' असे विचारत नाही. माझे म्हणणे असे, की हा मजकूर मुळात एक अनुमान आहे आणि त्याला तो प्रश्न विचारलाच पाहिजे. या सहा विधानांतून काय निघते, काय निघत नाही, याचा चोख हिशेब मांडला तर फुले आपण समजतो त्याहून पुष्कळ सावध लेखक ठरतात. बेसावध ठरतो तो त्यांची वाक्ये उचलून नेणारा.

शाळेत रसग्रहण लिहायचे म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन खण भरायचे. तर्कसौंदर्याला तिथे खण नाही. म्हणून मी त्याच टोकाकडून सुरुवात करतो.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलामुलींना 'विधाने व निष्कर्ष' नावाचा प्रश्नप्रकार सांगावा लागत नाही. वर दोन-तीन विधाने, खाली दोन-चार निष्कर्ष, आणि सूचना ठरलेली: दिलेली विधाने वस्तुस्थितीशी विसंगत वाटली तरी ती सत्य धरा आणि कोणते निष्कर्ष तर्काने निघतात ते सांगा. फुल्यांची वाक्ये या साच्यात घालून पाहू. त्यासाठी त्यांची मूळ घडण थोडी मोडावी लागेल आणि प्रत्येक वाक्य सर्वांना लागू असे करून घ्यावे लागेल. ज्याच्यापाशी विद्या नाही त्याच्यापाशी मती नाही. मती नाही त्याच्यापाशी नीती नाही. नीती नाही त्याच्यापाशी गती नाही. गती नाही त्याच्यापाशी वित्त नाही. वित्त नाही तो खचतो. (हे सर्वसामान्यीकरण माझे आहे, फुल्यांचे नाही. त्याचे काय परिणाम होतात ते पुढे येईलच.)

आता निष्कर्ष. पहिला: ज्याच्यापाशी वित्त आहे, त्याच्यापाशी विद्या आहे. दुसरा: ज्याला विद्या मिळाली, त्याला मती येते. तिसरा: शूद्र खचले, त्याअर्थी त्यांच्यापाशी विद्या नव्हती.

वर्गात हा प्रश्न टाकला तर बहुतेक हात दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी वर जातील आणि पहिल्याला हशा पिकेल. गावातला अंगठेबहाद्दर सावकार सर्वांनी पाहिलेला असतो. वित्त आहे म्हणून विद्या आहे हे कोण मानेल? पण काटेकोर उत्तर बरोबर उलटे आहे. फक्त पहिला निष्कर्ष निघतो. विद्या नसताना मती नाही, मती नसताना नीती नाही, असे करत करत वित्तही नाही, असे विधानांनी सांगितले आहे. मग ज्याच्याकडे वित्त दिसते आहे, त्याच्याकडे मागची प्रत्येक कडी असलीच पाहिजे. एखादी जरी नसती तरी साखळी वित्ताशी पोचायच्या आत तुटली असती. निष्कर्ष जगात खोटा असेल, विधानांतून मात्र तो निघतो. आणि ज्या अर्थी विधानांतून खोटा निष्कर्ष नियमाने निघाला, त्या अर्थी विधानांपैकी एखादे तरी खोटे असणार. हाही एक निष्कर्षच, आणि तो आपल्याला नंतर उपयोगी पडेल.

तिसऱ्याची गंमत याहून जास्त आहे, कारण तो खरा आहे. शूद्रांना विद्या नव्हती हे इतिहासाने सिद्ध आहे. फुल्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली ती काही हौस म्हणून नव्हे. पण खरा असला तरी तो या विधानांतून निघत नाही. वित्त गेल्यावर माणूस खचतो एवढे विधानांनी सांगितले. दुसऱ्या कशाने तो खचत नाही असे कुठे सांगितले आहे? दुष्काळाने खचतो, साथीच्या रोगाने खचतो, युद्धाने खचतो. परिणाम समोर आहे म्हणून ठरावीक कारण मागे असलेच पाहिजे असे म्हणता येत नाही. खरे असणे आणि निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या प्रश्नप्रकारात गुण जातात ते बहुधा इथेच: जे आपल्याला ठाऊक आहे ते आपण विधानांत वाचतो.

दुसरा निष्कर्ष सगळ्यांत मोठा, कारण गेली सव्वाशे-दीडशे वर्षे महाराष्ट्र तोच फुल्यांच्या नावावर खपवत आला आहे. शिका, म्हणजे मती येईल, मग नीती, गती, वित्त ओळीने मागून येतील आणि खचलेला माणूस उभा राहील. सहा विधानांत हे कुठेही नाही.

हे का निघत नाही, ते सांगायला आपल्याकडच्या न्यायशास्त्राने एक जुने उदाहरण ठेवले आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. या अनुमानाचा आधार म्हणजे व्याप्ती, आणि ती दोन अंगांनी सांगतात. धूर असेल तिथे अग्नी असतो, जसा स्वयंपाकघरात, हा अन्वय. अग्नी नसेल तिथे धूर नसतो, जसा डोहात, हा व्यतिरेक. फुल्यांच्या पाचही कड्या व्यतिरेकाच्या आहेत: अमुक नाही म्हणून तमुक नाही. विद्या अग्नीच्या जागी, मती धुराच्या जागी. अग्नी नाही म्हणून धूर नाही हे मान्य केले, की धूर दिसताच अग्नी मानावा लागतो. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे मात्र कोणताही नैयायिक मान्य करणार नाही. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त त्यासाठी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे केला आहे. त्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर निघायला ओल्या सरपणाची जोड लागते. अशा जास्तीच्या, न सांगितलेल्या अटीला तिथे उपाधी म्हणतात.

तापलेले गोळे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पदव्या आहेत, मती नाही. पण असा माणूस दाखवून कोणी 'पाहा, फुले चुकले' असे म्हणू लागला, तर त्याने फुल्यांना खोडलेले नाही. त्यांनी न काढलेला निष्कर्ष खोडला आहे. ज्या पाठशाळांत हा धूर आणि हा अग्नी पिढ्यानपिढ्या घोकला गेला, त्यांचे दार शूद्राच्या मुलाला बंद होते. त्या दाराबाहेरच्या माणसाने व्यतिरेकाची पाच वाक्ये एकामागोमाग एक अशी बिनचूक उभी करावीत, हे मला या मजकुरातले पहिले सौंदर्य वाटते.

याच्या शेजारी 'हितोपदेशा'तले विद्येचे सुभाषित ठेवून पाहावे. शाळेत सर्वांनी पाठ केलेले आहे. तेही साखळीचेच आहे आणि तेही विद्येपासूनच निघते: विद्येने विनय येतो, विनयाने पात्रता, पात्रतेने धन, धनाने धर्म आणि अखेर सुख. वरवर पाहता फुल्यांनी तेच उलटे करून लिहिले असे वाटेल. कित्येक व्याख्याते तसे सांगतातही. पण उलटे करणे म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. सुभाषितकार म्हणतो, विद्या असली की पुढचे येते. म्हणजे विद्या पुरेशी आहे. फुले म्हणतात, विद्या नसली की पुढचे जाते. म्हणजे विद्या आवश्यक आहे. पुरेसे असणे आणि आवश्यक असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि एकातून दुसरे निघत नाही. सुभाषित हे ज्याला विद्या मिळणारच आहे अशा मुलाला दिलेले आश्वासन आहे. आश्वासन देणे सोपे असते. फुले आश्वासन देत नाहीत. ते झालेले नुकसान मोजतात.

आता काव्याकडे. संस्कृत साहित्यशास्त्रात अशा रचनेला कारणमाला म्हणतात: आधीची प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीचे कारण होत जाते. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त हा अलंकार आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची घसरण अशाच माळेत ओवली आहे. फरक असा, की गीतेतली माळ एका माणसाच्या मनात सुरू होते आणि तिथेच संपते. फुल्यांची माळ मनातून बाहेर पडते. मती आणि नीती आत आहेत, गती उंबरठ्यावर आहे, वित्त घराबाहेर बाजारात आहे आणि शेवटी उभा आहे तो एक अख्खा समाज. एवढे अंतर इतक्या कमी शब्दांत तोडणारी दुसरी कारणमाला मला मराठीत आठवत नाही.

आणि हा समाज येतो कधी? पाचव्या वाक्यात. तोवर मती कोणाची गेली, नीती कोणाची गेली, याचा पत्ताच लागत नाही. पहिली चार वाक्ये ऐकणारा कोणीही, अगदी सोवळे नेसलेला शास्त्रीसुद्धा, मान डोलावत राहील. विद्येवाचून मती नाही हे त्यालाही पटण्यासारखेच आहे. त्याची मान डोलत असतानाच शूद्र हा शब्द येऊन आदळतो. म्हणजे आतापर्यंत ज्याला तो सनातन सत्य समजून होकार देत होता, ती एका विशिष्ट समाजाच्या लुटीची हकीकत होती. चार विधानांना आधीच होकार दिलेला असल्यामुळे आता माघार घेता येत नाही. वादविवादात प्रतिपक्षाकडून आधी गृहीतके कबूल करून घ्यायची आणि मग निष्कर्ष टाकायचा, ही जुनी युक्ती आहे. फुल्यांनी ती बेमालूम वापरली आहे.

यात एक विधान मात्र उच्चारलेलेच नाही: शूद्रांपाशी विद्या नव्हती. ते नसेल तर साखळी शूद्रांपर्यंत पोचत नाही; विद्या नसलेल्यांचे असे असे होते, एवढेच हाती राहते. मघाशी जो निघत नव्हता तो तिसरा निष्कर्ष हाच. जे निष्कर्ष म्हणून निघत नाही, ते इथे गृहीत म्हणून बसले आहे. फुल्यांनी ते का लिहिले नाही? लिहायची गरजच नव्हती म्हणून. १८८३ सालच्या वाचकाला ते कुणी सांगायला नको होते. आणि न लिहिल्यामुळे एक जास्तीचे काम झाले: ते विधान वाचकाला स्वतःच मनात भरावे लागते, आणि स्वतः भरलेल्या विधानावर वाद घालणे कठीण जाते.

क्रियापदांचा एक बारकावा सांगून पुढे जातो. पहिल्या चार वाक्यांतल्या गोष्टी नुसत्या जातात. कोणी नेल्या, हे नाही. पाचव्यात माणसे खचतात. कोणी खचवले, हे नाही. सहाव्यात मात्र अचानक कर्ता उभा राहतो: अनर्थ कोणीतरी केलेला आहे. तो कर्ता अजून माणूस नाही, अविद्या आहे. पण आरोपपत्राची भाषा सुरू झाली.

एवढ्या कौतुकानंतर दोष दाखवायला हरकत नाही. सर्वसामान्य नियम म्हणून घेतली तर या कड्यांपैकी निदान दोन कच्च्या आहेत. सगळ्यांत कच्ची आहे ती नीतीकडून गतीकडे आणि गतीकडून वित्ताकडे जाणारी वाट. नीती सोडूनच ज्यांनी गती आणि वित्त दोन्ही मिळवले, त्यांची यादी करायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. खुद्द फुल्यांच्या पुस्तकात असे लोक पानोपानी आहेत: शेतकऱ्याला नाडणारे कामगार, म्हणजे त्या काळच्या भाषेत सरकारी नोकर. त्यांच्यापाशी नीती आहे असे फुले मुळीच म्हणत नाहीत, आणि त्यांचे वित्त वाढतच चालले आहे. मघाचा तो अंगठेबहाद्दर सावकारही इथेच बसतो.

पहिली कडीही निर्वेध नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. या दोघांपाशी मती नव्हती असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? 'विद्या नाही तिथे मती नाही' हे 'सर्व' म्हणून घेतले, तर त्याला खोटे पाडायला एक बहिणाबाई पुरते. सर्वव्यापी विधानाचे हेच दुबळेपण असते. हजार दाखले त्याला सिद्ध करत नाहीत आणि एक प्रतिदाखला त्याला पाडतो. गाडगेबाबा मात्र या वादात वेगळीच अडचण करून ठेवतात. स्वतः निरक्षर असूनही जन्मभर ते लोकांना मुले शिकवा म्हणून सांगत हिंडले. म्हणजे प्रतिदाखलाच मूळ विधानाच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहतो.

ही अडचण सुटते कशी? मी मघाशी जी घडण मोडली ती परत जागेवर ठेवली की सुटते. फुल्यांनी 'ज्याच्यापाशी नाही त्याच्यापाशी' असे कुठे म्हटले आहे? त्यांची क्रियापदे भूतकाळी आहेत. नेहमी असे होते, असे नव्हे, असे झाले. 'पाऊस पडला नाही तर पीक जाते' हा नियम आहे, आणि विहिरीच्या जोरावर पीक काढणारा एक शेतकरीही तो मोडू शकतो. 'यंदा पाऊस पडला नाही म्हणून आमचे पीक गेले' ही हकीकत आहे. शेजारच्या गावात विहिरी होत्या म्हणून ती खोटी ठरत नाही. फुल्यांची सहा वाक्ये हकीकत सांगतात. परीक्षेच्या साच्याने त्यांना नियम केले आणि नियम म्हणून ती लंगडी पडली, दोष साच्याचा. सुट्या माणसांबद्दल ती काहीच म्हणत नाहीत. पिढ्यानपिढ्या विद्येला मुकलेल्या समाजाचे काय झाले, एवढेच सांगतात. अशा समाजात नीती जाते म्हणजे घरोघरचा चांगुलपणा जातो असे नव्हे. काय न्याय्य, काय अन्याय्य हे ठरवण्याचा हक्क दुसऱ्याच्या पोथीत जातो. तो गेला की हालचाल दुसऱ्याच्या हुकमाने होते, आणि कमाईही त्याच्याच घरी जाते. असे वाचले म्हणजे ती कच्ची कडी बरीचशी घट्ट होते. पूर्ण नाही. हा अर्थ मी पुस्तक वाचून मागे नेऊन बसवला आहे. सहा वाक्ये स्वतः तो देत नाहीत, हे कबूल करायला हवे.

राहिले सहावे वाक्य. इथे 'एका' हा शब्द आहे, आणि सगळा घोटाळा त्याच्यापाशी होतो.

कारणांची साखळी एकदा मान्य केली, की साखळीतले सर्व अनर्थ पहिल्या कडीच्या नावावर टाकता येतात. विद्या नव्हती म्हणून मती गेली, मती गेली म्हणून नीती, आणि असेच पुढे. तेव्हा मती, नीती, गती, वित्त आणि शूद्रांचा मान हे सारे गेले ते अविद्येमुळे. एवढे बरोबर निघते. पण एका अविद्येने इतके केले, याचा अर्थ दुसऱ्या कशाने काहीच केले नाही असा होत नाही. त्याहून पुढचे, म्हणजे अविद्या घालवली की सगळे परत येईल, हे तर मुळीच होत नाही. बौद्ध परंपरेतला प्रतीत्यसमुत्पाद इथे आठवतो. तिथेही बारा कड्यांची साखळी आहे, तीही अविद्येपासून निघते आणि जरामरणापाशी थांबते. पण तिथे दोन्ही दिशा स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत: अविद्या असल्याने पुढचे सर्व उत्पन्न होते, आणि अविद्येच्या निरोधाने पुढच्या सर्वांचा निरोध होतो. दुसरी दिशा पहिलीतून आपोआप निघत नाही, म्हणून ती वेगळी सांगावी लागली. फुले ती दुसरी दिशा सांगत नाहीत. (दोन्ही साखळ्या अविद्येपासून सुरू होतात म्हणून फुल्यांनी ती तिथून उचलली, असे मात्र कोणी म्हणू नये. साम्यावरून उसनवारी निष्पन्न होत नाही.)

ते ती का सांगत नाहीत, याचे उत्तर सातव्या वाक्यात आहे. सहा वाक्यांच्या पाठोपाठ येणारे हे वाक्य कोणत्याही भिंतीवर रंगवलेले मला दिसलेले नाही. त्यात फुले म्हणतात ते माझ्या शब्दांत असे: शूद्र शेतकरी इतक्या दीन स्थितीला येऊन पोचण्याची धर्मासंबंधी आणि राज्यासंबंधी अनेक कारणे आहेत, आणि त्यांतल्या काहींचे विवेचन करण्यासाठी हा ग्रंथ लिहिला आहे.

अनेक कारणे! आत्ताच तर एका अविद्येच्या नावावर सगळे टाकले होते. घाईत वाचणाऱ्याला ही उघड विसंगती वाटेल. तर्काने वाचणाऱ्याला दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात हे दिसते. अविद्या नसती तर हे अनर्थ झाले नसते, हे एक विधान. अविद्या असतानाही ते घडवून आणायला धर्म आणि राज्य यांचे हात लागले, हे दुसरे. एक दुसऱ्याला छेद देत नाही. अविद्येने दार उघडे ठेवले, आत शिरणारे वेगळे होते. सहा वाक्यांत कर्त्याच्या जागी अविद्या बसली होती. सातव्यापासून त्या जागेवर माणसे आणि संस्था येऊ लागतात. बनावट धर्म, सरकारी खात्यांतले ब्राह्मण कामगारांचे प्राबल्य, युरोपियन अधिकाऱ्यांचा ऐषाराम, असा आरोपींचा क्रम उपोद्घातातच लागतो.

पुढची पाच प्रकरणे त्याच क्रमाने चालतात. पहिल्यात जन्माच्या आधीपासून मरणाच्या नंतरपर्यंत शेतकऱ्याच्या खिशाला धर्मकृत्यांच्या नावाने लागलेली गळती आहे. दुसऱ्यात सरकारी खाती. तिसऱ्यात इतिहास आणि करांचा बोजा. हा इतिहासाचा भाग आज जसाच्या तसा स्वीकारता येईल असे मला वाटत नाही. चौथ्यात शेतकऱ्याचे घर, त्याचा संसार, त्याचे दारिद्र्य इतक्या बारकाईने उभे केले आहे की विवेचन बाजूला राहून आपण त्या घरात शिरतो. पाचव्यात उपाय. आणि हे उपाय पाहिले की सहा वाक्यांचा तर्क लेखकाच्या स्वतःच्या मनात किती पक्का होता ते कळते. विद्या पुरेशी आहे असे फुल्यांना वाटत असते, तर पाचव्या प्रकरणात शाळा काढा एवढे सांगून त्यांचे भागले असते. त्यांनी पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली आणि बंधारे घालायला सांगितले आहेत, तलाव आणि धरणे सांगितली आहेत, जनावरांची पैदास सुधारायला सांगितले आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या द्या हे तर आहेच, पण ते या यादीत बसून आहे.

विद्या कोणती, हेही त्यांनी मोघम ठेवलेले नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची मांडणी आहे: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे साधे धडे. बारा वर्षे वयापर्यंत हे शिक्षण सक्तीचे करावे, अशीही मागणी आहे. 'तर्कसंग्रहा'तले ओले सरपण ते हेच. नुसता अग्नी देऊन धूर निघणार नाही, हे ओळखून त्यांनी अटी आधीच लिहून दिल्या. सहा वाक्यांतल्या 'नीती'चे धडे आणि 'वित्ता'चा हिशेब त्या अभ्यासक्रमात आहेत, हा मला योगायोग वाटत नाही.

याच निवेदनात दुसऱ्याचे एक अनुमान त्यांनी निर्दयपणे तपासले आहे. वरच्या वर्गाला उच्च शिक्षण द्यावे, ते झिरपत झिरपत खालच्या वर्गांपर्यंत जाईल, असे सरकारी धोरण होते. फुल्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: शिकलेल्या वरच्या वर्गातल्या कोणी आपली विद्या खालच्यांना दिली, त्याचा दाखला काय? सारा भरतो रयत, शिकतो वरचा वर्ग. 'वरच्यांना विद्या मिळाली' यापासून 'खालच्यांना मिळेल' इथवर जायला मधली कडीच नाही. दुसऱ्याच्या साखळीतली नसलेली कडी ज्याला एवढी अचूक दिसते, तो स्वतःच्या साखळीत न बसणारा निष्कर्ष काढील हे संभवत नाही.

मग तो निष्कर्ष त्यांच्या नावावर चढला कसा? एक कारण पुस्तकाच्या नशिबात आहे. 'असूडा'ची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू'त छापली आणि पुढची छापायचे थांबवले. संपूर्ण पुस्तक फुल्यांच्या हयातीत छापले गेले नाही. सहा वाक्ये सुटी होऊन गावोगाव गेली, कारण ती पाठ होतात. सातवे वाक्य गद्य होते, ते मागे राहिले. दुसरे कारण आपल्या सोयीचे आहे. एका अविद्येनेच सगळे केले असे धरले, की शाळा उघडून दिल्यावर बाकीच्यांची जबाबदारी संपते. मग शिकूनही जो वर आला नाही त्याची चूक त्याचीच ठरते. धर्म सुटतो, राज्य सुटते, खाती सुटतात. जी वाक्ये आरोपपत्राचा आरंभ म्हणून लिहिली होती, त्यांच्यातूनच आरोपींची निर्दोष सुटका होते. हा निष्कर्ष विधानांतून निघत नाही, एवढेच नव्हे, तर पुढच्याच वाक्याने तो खोडलेला आहे.

फुल्यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले आहे, आणि 'असूड' त्यात पाचही प्रकरणांसह आहे. शाळेच्या भिंतीवर पुन्हा रंग द्यायची वेळ येईल तेव्हा मुख्याध्यापकांनी सहा वाक्यांखाली थोडी जागा सोडावी आणि सातवेही लिहून घ्यावे.